जबडा बदलूनही घोडा-ट्रेलरच्या जोडणीला झटका का बसत राहतो

नाशिकहून न्हावाशेव्याला कंटेनर नेणाऱ्या गाड्यांची एक तक्रार वर्कशॉपमध्ये पुन्हा पुन्हा येते. गाडी जागेवरून पुढे काढताना टर्नटेबलमध्ये, म्हणजे घोड्यावरच्या (पुढच्या ओढणाऱ्या गाडीवरच्या) ज्या जाड प्लेटवर ट्रेलर टेकतो तिच्यात, ठोका बसतो, ब्रेक दाबला की पाठीमागून दुसरा ठोका थेट केबिनपर्यंत येतो, आणि ड्रायव्हरच्या भाषेत सांगायचे तर ‘ट्रेलर घोड्याला हाणतो’. ट्रेलरचा पिन पकडून ठेवणारा टर्नटेबलमधला जबडा बदलला की गाडी शांत होते, मालकाचे समाधान होते, आणि द्राक्षांचा हंगाम संपायच्या आत तोच आवाज परत सुरू होतो. मग सुटा भाग हलक्या दर्जाचा होता असे ठरवून दुसऱ्या दुकानातून दुसरा जबडा आणला जातो. सुटा भाग खराब असू शकतो, पण एकाच गाडीवर हा प्रकार दुसऱ्यांदा घडला असेल तर बहुतेक वेळा दोष जबड्यात नसतो. जबडा दुसऱ्या कुणाचा तरी मार खात असतो आणि तो मार नेमका कुठून येतो हे शोधल्याशिवाय केलेला प्रत्येक खर्च तात्पुरता ठरतो.

पुढील तपासणी दोन इंची किंगपिन (ट्रेलरच्या तळातून खाली आलेला पोलादी पिन) आणि एका जबड्याचे कुलूप असलेल्या टर्नटेबलसाठी लिहिली आहे, कारण आपल्याकडील कंटेनर ट्रेलरवर हीच जोडी सर्वाधिक दिसते. दोन जबड्यांच्या रचनेत झीज वेगळ्या प्रकारे वाटली जाते, त्यामुळे झिजेच्या जागांवरून काढलेले निष्कर्ष तिथे जसेच्या तसे लागू करू नयेत. तपासणी सपाट जमिनीवर करावी, ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत, आणि इंजिन चालू असताना घोडा व ट्रेलर यांच्यामधल्या जागेत कोणीही उभे राहू नये. टर्नटेबलखाली हात घालायचा असेल तर इंजिन बंद करून किल्ली काढून खिशात ठेवावी. किल्ली गाडीलाच असेल तर कोणीतरी ‘जरा पुढे घेतो’ म्हणून स्टार्टर मारतो, हे गॅरेजमध्ये काम केलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

ठोका नेमका कुठे आहे

आवाजावरून जागा ठरवू नये, कारण टर्नटेबल, त्याचे दोन बाजूंचे ब्रॅकेट आणि चासी हे सगळे एकमेकांना जोडलेले असल्याने एका ठिकाणचा ठोका दुसरीकडे ऐकू येतो. त्यासाठी साध्या खडूची चाचणी पुरते. ट्रेलरचे पार्किंग ब्रेक लावलेले ठेवावेत आणि घोड्याचे सोडावेत. त्यानंतर तीन ठिकाणी खडूने सरळ रेघ मारावी. पहिली रेघ टर्नटेबलच्या कडेवरून ट्रेलरच्या तळाच्या प्लेटवर जाईल, दुसरी टर्नटेबलवरून त्याच्या ब्रॅकेटवर, आणि तिसरी ब्रॅकेटवरून चासीवर. आता ड्रायव्हरने पहिल्या गिअरमध्ये क्लच अलगद सोडून घोडा पुढे ताणावा आणि मग रिव्हर्समध्ये मागे दाबावा. गाडी चालवायची नाही, फक्त मधली ढिलाई संपवायची आहे. दुसऱ्या माणसाने बाजूला, सुरक्षित अंतरावर उभे राहून कोणती रेघ तुटते ते पाहावे.

पहिली रेघ तुटली तर ढिलाई जबडा आणि किंगपिन यांच्यामध्ये आहे. दुसरी तुटली तर टर्नटेबलच्या पिना किंवा रबरी बुश गेलेले आहेत. तिसरी तुटली तर ब्रॅकेटच चासीवर सरकतो आहे, आणि अशी गाडी बोल्ट दुरुस्त होईपर्यंत हलवू नये. पहिल्या रेघेतली ढिलाई पट्टीने मोजून लिहून ठेवावी. अमेरिकेतील वाहन तपासणीच्या नियमांत वरच्या आणि खालच्या भागांमधली आडवी हालचाल अर्ध्या इंचापेक्षा, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर गाडी नापास होते. तो शेवटचा टप्पा आहे. नीट जुळवलेल्या कुलुपात हालचाल जेमतेम जाणवते, म्हणून १३ मिलिमीटरची वाट पाहत बसण्यात शहाणपणा नाही.

काढलेला जबडा भंगारात टाकण्यापूर्वी

माझ्या मते सर्वाधिक माहिती इथे मिळते आणि सर्वाधिक दुर्लक्षही इथेच होते. किंगपिन टर्नटेबलमध्ये मागच्या बाजूने शिरतो. त्याच्या पुढच्या अंगाला घोड्याच्या नालेसारखी अर्धगोल कडी असते, तिला आपल्याकडे झीज-रिंग किंवा नुसतेच रिंग म्हणतात, आणि मागून जबडा त्याला मिठी मारतो. घोडा ओढतो तेव्हा जबडा पिनला मागून पुढे ढकलतो, म्हणजे ओढीचा भार जबड्यावर आणि पिनच्या मागच्या अंगावर येतो. ब्रेक लागतात आणि ट्रेलर पुढे रेटतो, तेव्हा पिनचे पुढचे अंग रिंगवर दाबले जाते. त्यामुळे रिंग जास्त खाल्ली गेली आहे की जबडा, हे पाहिले की मार ओढण्यातून येतो की थांबण्यातून, हे समजते.

नाशिकच्या गाड्यांच्या बाबतीत यात एक स्थानिक मुद्दा मिसळतो. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत द्राक्षांचे थंड कंटेनर पिंपळगाव, निफाड, दिंडोरी या भागांतून भरून निघतात आणि कसारा घाट भरलेल्या अवस्थेत उतरतात. परतीच्या फेरीत अनेकदा रिकामा कंटेनर घेऊन चढावे लागते. साहजिकच आपल्याकडे रिंगवरचा भार मुळातच थोडा अधिक असतो, आणि रिंग जबड्यापेक्षा थोडी जास्त झिजलेली दिसली तर लगेच घाबरायचे कारण नाही. प्रश्न येतो तो दोहोंमधला फरक डोळ्यांत भरण्याइतका असेल तेव्हा.

अशा एका गाडीची रिंग आणि जबडा एकाच दिवशी नवे बसवलेले होते. आवाज परत आल्यावर दोन्ही काढून रॉकेलने धुतले आणि बाकावर शेजारी शेजारी ठेवले. जबड्याच्या आतल्या अंगावर मशीनिंगच्या बारीक रेषा अजून दिसत होत्या. रिंगच्या मधोमध मात्र आरशासारखा चकचकीत खड्डा पडला होता आणि त्याच्या काठावर नख अडकेल इतकी पायरी तयार झाली होती. ओढण्यात काहीही बिघाड नव्हता. प्रत्येक ब्रेकला ट्रेलर येऊन आदळत होता, आणि पुढचा नवा संचही त्याच वेगाने झिजला असता. अशा वेळी टर्नटेबल सोडून ट्रेलरच्या ब्रेककडे जावे लागते.

ट्रेलरचे ब्रेक उशिरा लागणे

घोड्याचे ब्रेक आधी लागले आणि ट्रेलरचे मागाहून, तर मधल्या क्षणात ट्रेलरचे सगळे वजन किंगपिनमधून घोड्यावर येते. ट्रेलरला स्वतःचा ड्रायव्हर नसतो, म्हणून त्याची तक्रार मांडायलाही कोणी नसते. घोड्याची सर्व्हिस किलोमीटर मोजून होते, पण यार्डात पडून असलेला आणि आज या तर उद्या त्या घोड्यामागे जाणारा ट्रेलर टायर फुटेपर्यंत कोणाच्या नजरेस पडत नाही.

चाचणी अशी करावी. रिकाम्या, सपाट जागेत ताशी १५ ते २० किलोमीटर वेगाने जाताना पेडल हलकेच दाबावे. पाठीमागून ढकलल्यासारखे वाटले तर ट्रेलर उशिरा थांबतो आहे, आणि कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखे वाटले तर तो घोड्याच्या आधी थांबतो आहे. दुसरी, अधिक भरवशाची चाचणी ड्रमच्या तापमानाची आहे. घाट उतरून गाडी सुरक्षित जागी उभी केल्यावर दुरून तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड थर्मामीटरने सर्व ड्रम मोजावेत. ड्रमला हात लावू नये, तो भाजतो. घोड्याचे ड्रम तापलेले आणि ट्रेलरचे जवळपास थंड, असे चित्र दिसले तर ट्रेलर आपला वाटा उचलत नाही. एखादेच चाक थंड असेल तर दोष त्या चाकाचा आहे, संपूर्ण ट्रेलरचा नाही.

उशीर होण्याची कारणे बहुधा साधी निघतात. सर्वांत आधी ब्रेकमधली ढिलाई आवळून घेणारे स्लॅक अ‍ॅडजस्टर पाहावेत. लायनिंग झिजत गेले तरी अ‍ॅडजस्टर वेळेवर आवळले नाहीत, तर हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या चेंबरच्या दांड्याला ब्रेक लागण्यापूर्वी जास्त अंतर जावे लागते, तेवढी जास्त हवा भरावी लागते आणि तेवढाच वेळ जातो. साध्या ३० नंबरच्या चेंबरसाठी दांड्याची चाल दोन इंचांच्या, म्हणजे सुमारे ५१ मिलिमीटरच्या आत असावी लागते. एका माणसाने पेडल दाबून धरावे आणि दुसऱ्याने इंजिन बंद असलेल्या, ठोकळे लावलेल्या गाडीखाली चाल मोजावी. स्लॅक अ‍ॅडजस्टर आपोआप आवळणारे असतील आणि तरीही चाल वाढलेली असेल, तर पाना लावून ते पुन्हा पुन्हा आवळू नयेत. आतली यंत्रणा निकामी झाली आहे किंवा बुश झिजले आहेत असे समजून कारण शोधावे.

त्यानंतर हवेच्या नळ्या. लाल नळीतून ट्रेलरच्या टाकीला हवा मिळते आणि पिवळ्या नळीतून पेडलचा संदेश जातो. पिवळ्या नळीच्या जोडाचे रबर कापले गेले असेल, किंवा तिचे वेटोळे मागच्या वळणात मुरगळून चपटे झाले असेल, तर संदेश हळू पोहोचतो आणि टाकीतली हवा ट्रेलरच्या ब्रेकला सोडणारा रिले व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. लाल नळी गळत असेल तर गेजचा काटा खाली येऊन ड्रायव्हरला ते कळते, पिवळी नळी मात्र ब्रेक दाबलेला असतानाच गळते, त्यामुळे तिची गळती शोधण्यासाठी पेडल दाबून ठेवून जोडांवर साबणाचे पाणी लावावे लागते. इगतपुरीच्या पावसात चालणाऱ्या गाड्यांच्या टाक्यांतून पाणी रोज काढावे, कारण तेच पाणी पुढे व्हॉल्व्हमध्ये जाऊन त्याची चाल जड करते. वर सांगितलेल्या गाडीत स्लॅक अ‍ॅडजस्टर आणि चपटी झालेली पिवळी नळी, दोन्ही दोष सापडले. ते काढल्यावर टर्नटेबलमध्ये बसवलेला पुढचा संच टिकला.

किंगपिनचे माप

जबडा आणि रिंग दोन्ही बाजूंनी सारखीच झिजत असतील तर पिन मोजावा. नवा दोन इंची पिन मानेपाशी ५०.८ मिलिमीटर असतो आणि ४९ मिलिमीटरपर्यंत झिजला की बदलावा लागतो. त्याच्या वरचा, प्लेटला लागून असलेला जाड भाग ७३ मिलिमीटरचा असतो आणि त्याची मर्यादा ७१ मिलिमीटर आहे. वर्निअरने एकदाच माप घेऊन समाधान मानू नये. पिन गोल झिजत नाही, पुढेमागे झिजून लांबट होतो, त्यामुळे आडवे माप पूर्ण आणि पुढेमागे घेतलेले माप मर्यादेखाली, असे सर्रास आढळते. पिनच्या बाजूंवर जुने ग्रीस आणि तांबूस गंज, आणि पुढच्या अंगावर चंद्रकोरीसारखा चकाकणारा पट्टा दिसला की माप घेण्याआधीच अंदाज येतो. त्याच वेळी लोखंडी सरळ पट्टी ट्रेलरच्या तळाच्या प्लेटवर धरून ती फुगलेली किंवा खचलेली नाही ना, हेही पाहावे, कारण प्लेट वाकली की पिन जबड्यात योग्य उंचीवर बसत नाही.

झिजलेल्या पिनवर वेल्डिंगचा थर चढवून तो लेथवर किंवा ग्राइंडरने गोल करून देणारे कारागीर सगळीकडे आहेत, आणि त्यांच्या हाताबद्दल शंका नाही, पण हे काम करून घेऊ नये. पिन उष्णता-प्रक्रिया केलेल्या मिश्र पोलादाचा असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचा कडकपणा बिघडतो, थराखाली बारीक तडे जाऊ शकतात, आणि पिन तुटतो तेव्हा आधी कोणतीही सूचना देत नाही. बोल्टने बसवलेला पिन बदलता येतो. वेल्ड केलेला पिन मात्र ट्रेलर बनवणाऱ्याच्या पद्धतीनुसार, तशी सोय असलेल्या ठिकाणीच बदलावा. टर्नटेबलच्या प्लेटवरही याच कारणाने वेल्डिंग करू नये. सुटे भाग मागवताना दुकानदाराला ट्रेलरचा किंगपिन हवा असे स्पष्ट सांगावे, नाहीतर पुढच्या चाकांच्या स्टिअरिंगचा किंगपिन किट हातात पडतो.

एक घोडा अनेक ट्रेलर ओढत असेल, तर एकच झिजलेला पिन घोड्याचा जबडा खराब करतो आणि तो झिजलेला जबडा मग बाकीच्या पिनांवर ढिला बसतो. म्हणून कोणता घोडा कोणत्या तारखेला कोणत्या ट्रेलरला लावला आणि झटका कोणत्या जोडीत जाणवला, याची वही ठेवावी. ट्रेलर बदलला की आवाज जात असेल तर घोड्यावर खर्च करण्याआधी त्या ट्रेलरचा पिन आणि ब्रेक पाहावेत.

कुलूप जुळवताना

बऱ्याच टर्नटेबलमध्ये थोडी झीज भरून काढण्यासाठी लॉकनटसह एक बोल्ट असतो. तो कोणत्या दिशेने आणि किती फिरवायचा हे मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून त्या कंपनीचे माहितीपुस्तकच पाहावे. याबाबत एक धोका मात्र सर्व मॉडेलना समान आहे. हे जुळवण झिजलेल्या पिनवर कधीही करू नये. ४९ मिलिमीटरच्या पिनवर घट्ट बसवलेल्या जबड्यात उद्या ५०.८ मिलिमीटरचा नवा पिन आला, तर कुलुपाचा दांडा पूर्ण आत जाणार नाही आणि हँडल बाहेर अर्धवट अडकून राहील. जुळवण नव्या मापाच्या पिनवर किंवा त्यासाठी मिळणाऱ्या चाचणी-पिनवरच करावी. जबडा, रिंग, स्प्रिंग आणि दांडा संपूर्ण संच म्हणून बदलावेत. नुसता जबडा नवा आणि रिंग जुनी ठेवली तर पिनचा आधार एका बारीक रेषेवर येतो आणि नवा जबडा लवकर खाल्ला जातो.

ब्रॅकेटचे बोल्ट पाहताना बोल्टच्या डोक्याभोवती तांबूस भुकटी किंवा ब्रॅकेटशेजारी चासीचा रंग घासून निघालेली चमकती जागा शोधावी. दोन्ही खुणा सांगतात की बोल्ट दिसायला घट्ट असला तरी जोड हलतो आहे. एकदा सैल झालेला बोल्ट नुसता आवळून चालत नाही. त्याच दर्जाचा नवा बोल्ट टॉर्क पान्याने पुस्तकात दिलेल्या मापापर्यंत आवळावा. जुन्या गाड्यांवर टर्नटेबलच्या लोखंडी पट्टीवरचे आकडेही वाचावेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू वाहनांच्या भारमर्यादा वाढवल्या आणि घोडा-ट्रेलरची कमाल मर्यादा ४९ टनांवरून ५५ टनांवर गेली, पण त्याआधी बसवलेल्या टर्नटेबलची क्षमता त्यामुळे वाढली नाही. पट्टीवरचा डी हा आकडा किलोन्यूटनमध्ये ओढीची मर्यादा सांगतो आणि यू हा आकडा टर्नटेबलवर येऊ शकणारे उभे वजन टनांत सांगतो. गाडीचा प्रत्यक्ष भार त्यापेक्षा जास्त असेल तर वरची कोणतीही दुरुस्ती पुरणार नाही.

ग्रीसबद्दल थोडेच सांगायचे आहे. जुन्या ग्रीसवर नवे ग्रीस थापणे म्हणजे रस्त्याची धूळ मिसळलेली पेस्ट तशीच आत ठेवणे, आणि ती पिनला घासपेपरसारखी खाते. महिन्यातून एकदा, आणि पावसाळ्यात त्याहून लवकर, ट्रेलर सोडून प्लेट व जबडा पूर्ण स्वच्छ करावेत आणि जास्त दाब सोसणारे, मोलिब्डेनम किंवा ग्रॅफाइट असलेले लिथियम ग्रीस लावावे. प्लेटवर प्लास्टिकचे अस्तर असेल तर प्लेटला ग्रीस लागत नाही, कुलुपाला मात्र लागतेच.

जोडताना आणि दुरुस्तीनंतर

झटक्याचे आणखी एक कारण जोडण्याच्या पद्धतीत असते. ट्रेलर लँडिंग लेगवर (सुटा उभा राहण्यासाठीच्या त्याच्या पायांवर) गरजेपेक्षा उंच उभा असेल तर घोडा मागे घेताना पिन जबड्यात न शिरता त्याच्या वर बसतो किंवा अर्धवट अडकतो. घोडा शिरण्यापूर्वी ट्रेलरची प्लेट टर्नटेबलच्या पातळीला किंवा जास्तीत जास्त ५० मिलिमीटर खाली असावी, म्हणजे टर्नटेबल तिला उचलून घेत आत जाते. जोडल्यानंतर घोडा हलका पुढे ओढून पाहण्याची चाचणी सर्व ड्रायव्हर करतात आणि ती करायलाच हवी, पण वर अडकलेला पिनही तेवढी ओढ सहन करू शकतो. म्हणून इंजिन बंद करून, टॉर्च घेऊन खाली वाकून तीन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. ट्रेलरची प्लेट आणि टर्नटेबल यांच्यामध्ये फट नाही, जबडा पिनच्या मागे पूर्ण बंद झाला आहे, आणि हँडल आत जाऊन त्याचा सुरक्षा-खटका पडला आहे. सोडताना हँडल निघत नसेल तर त्यावर हातोडा किंवा लांब पाइप चालवू नये. बहुतेक वेळा गाडी उतारावर उभी असते आणि ओढीचा भार कुलुपावर आलेला असतो. ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा किंचित मागे दाबला की हँडल हाताने निघते.

नवा संच किंवा नवे बोल्ट बसवल्यानंतर पहिल्या भरलेल्या फेरीत घाट सुरू होण्यापूर्वी, इगतपुरीच्या अलीकडे गाडी उभी करून ब्रॅकेटचे बोल्ट आणि खडूच्या रेघा पुन्हा पाहाव्यात, आणि गाडी परत आल्यावर बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासून तारखेसह वहीत नोंद करावी.